मेलबॉक्स भरला की ऑर्डरही परत जाते. छोट्या वर्कशॉपवाल्यांनी काय करावं?

चिखली : चिखली, कुदळवाडी, तळवडे भागातल्या कित्येक छोट्या वर्कशॉपचं ऑफिस म्हणजे मालकाच्या खिशातला मोबाईल. जीएसटी नोंदणीच्या वेळी जो जीमेल दिला, त्याच्यावरच चाकणच्या कंपनीची ऑर्डर येते, ड्रॉइंग येतं, रिजेक्शनचा मेलही येतो. बँकेचं स्टेटमेंट, विमा, लाईट बिल आणि ढीगभर जाहिराती, सगळं तिथंच. दिवसभर मशीनवर उभा राहिलेला माणूस रात्री मोबाईल उघडतो, तर न वाचलेले मेल हजारांच्या घरात. मग 'गुरुवारी सुट्टीला बघू' असं म्हणत गुरुवारही जातो.

मात्र हा नुसता पसाऱ्याचा प्रश्न नाही. त्यात दोन नुकसानं आहेत.

पहिलं नुकसान : जागा संपते

गूगलच्या मोफत खात्याला एकूण १५ जीबी जागा मिळते. ती एकट्या मेलची नसते. ड्राइव्हमधल्या फाईल, जून २०२१ पासून गूगल फोटोत साठवलेले फोटो आणि अँड्रॉइड मोबाईलवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप हे सगळं त्याच १५ जीबीत मोजलं जातं. म्हणजे लग्नाच्या व्हिडिओमुळेही कंपनीची ऑर्डर अडू शकते. जागा संपली की मेल जात नाही आणि येतही नाही. समोरच्याने पाठवलेला मेल त्याच्याकडेच परत जातो. तो वाट बघून दुसरा व्हेंडर गाठतो आणि इकडे काही कळतही नाही.

दुसरं नुकसान : नोटीस दबून राहते

जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीत दिलेल्या ई-मेलवर नोटीस पाठवणं हा नोटीस बजावण्याचा मान्य मार्ग आहे. पोर्टलवर टाकणं हाही मान्य मार्ग आहे. 'नोंदणी रद्द का करू नये' अशी नोटीस आली तर उत्तराला कामकाजाचे फक्त ७ दिवस मिळतात. विवरणपत्रातल्या तफावतीची नोटीस असेल तर जास्तीत जास्त ३० दिवस. मेल वाचलाच नाही, हे कारण पुढं करत बसण्यापेक्षा वेळेत बघितलेलं बरं.

सुरुवात कुठून करायची?

एकेक मेल उघडून पुसत बसलं तर महिना जाईल. शेतात आधी मोठं झुडूप काढतात, बारीक तण नंतर. इथंही तसंच.

१. आधी जड मेल काढा. कॉम्प्युटरवर जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला असलेलं चिन्ह दाबा आणि आकार १० एमबीपेक्षा जास्त असा निवडा. जुने व्हिडिओ, दोन-दोनदा आलेल्या फाईल लगेच दिसतील.

२. पुसलेले मेल ३० दिवस कचरापेटीत राहतात आणि तोवर जागा अडवतात. म्हणून खात्री करून कचरापेटीही रिकामी करा. 'अर्काइव्ह' केल्याने मेल नुसता बाजूला जातो, जागा मोकळी होत नाही.

३. जाहिरातीचा मेल पुसण्याआधी ओळखीच्या दुकानाचा किंवा ॲपचा असेल तर 'अनसबस्क्राइब' करा. अनोळखी असेल तर स्पॅममध्ये टाका.

४. मोठ्या गिऱ्हाईक कंपन्या, जीएसटी, आयकर आणि बँक यांच्या मेलसाठी फिल्टर लावा. आलेल्या मेलवर 'ऑर्डर', 'नोटीस' असं लेबल आपोआप पडतं. 'स्पॅममध्ये कधीच नको' ही खूणही तिथंच करता येते. फिल्टर मोबाईल ॲपवर बनत नाही, एकदा कॉम्प्युटरवर बसावं लागतं.

५. दिवसातून दोन वेळा ठरवा, सकाळी मशीन सुरू करण्याआधी आणि संध्याकाळी माल गेल्यावर. त्या वेळी निदान ही दोन लेबलं तरी बघाच.

काय पुसू नये?

बिलं, चलन, डेबिट नोट, बँकेचे कागद सरसकट उडवू नका. जीएसटीचे हिशेब आणि कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. पुसण्याआधी ती पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. डिस्क बिघडू शकते, म्हणून दोन ठिकाणी ठेवलेलं बरं.

मेल कोणाचा दिलाय?

बऱ्याच वेळा नोंदणीत टॅक्स सल्लागाराचाच मेल आणि मोबाईल असतो. मग नोटीस मालकापर्यंत पोहोचणं त्यांच्या सवडीवर. पोर्टलवर नोंदणी दुरुस्तीत जाऊन स्वतःचा मेल आणि नंबर ओटीपीने टाकता येतो. कामधंद्यासाठी वेगळं खातं काढून तेच तिथं दिलं, तर घरचे फोटो आणि धंद्याचे कागद एका जागेत येत नाहीत.

खोट्या मेलपासून जपा

'तुमचा मेलबॉक्स भरला, इथं दाबा' किंवा 'जीएसटी थकली, लगेच भरा' असे खोटे मेलही फिरतात. लिंक दाबू नका. जागा किती उरली ते गूगल खात्यात जाऊन बघा. नोटीस खरी असेल तर ती जीएसटी पोर्टलवर लॉगिन केल्यावर नोटिसा आणि आदेशांच्या रकान्यात सापडेल. तिथं एक नाही तर दोन रकाने आहेत, त्यातला 'अतिरिक्त नोटिसा'चा रकाना बरेच जण उघडतच नाहीत. मेल आला नसला तरी आठवड्यातून एकदा, गुरुवारच्या सुट्टीत, हे दोन्ही रकाने बघून घ्यावेत.