ब्रेक आवळला म्हणजे दुरुस्त झाला का?

जुनी सायकल घेतली की पहिली तक्रार बहुधा ब्रेकची असते, आणि तिच्यावरचा उपायही सगळ्यांना तोंडपाठ असतो: वायर आवळा. पाना लावायचा, पक्कडीने वायर ओढून धरायची, नट कसायचा. लिव्हर हाताला कडक लागली की काम फत्ते. पंधरा दिवसांत तीच तक्रार पुन्हा येते आणि पुन्हा तोच उपाय होतो. खरं तर सायकल थांबवण्याचं काम बोटापासून रस्त्यापर्यंत पसरलेलं असतं. लिव्हर, आतली वायर, तिच्यावरचं आउटर, ब्रेकच्या भुजा, रबर, रिम, हबमधले छर्रे आणि टायर यांपैकी काहीही बिघडलं तरी बोटाला एकच गोष्ट कळते, ब्रेक लागत नाही. आवळणं हा यांतल्या एकाच गोष्टीवरचा इलाज आहे: रबर झिजून रिमपासून लांब गेलं असेल तर. बाकीच्या बिघाडांवर ते फक्त पांघरूण घालतं. म्हणून तपासणी चाकापासून सुरू करून लिव्हरपर्यंत यावी आणि आवळणी सगळ्यात शेवटी करावी. ब्रेकबद्दलचे बहुतेक गैरसमज हा क्रम उलटा धरल्यामुळे होतात.

गैरसमज: लिव्हर कडक, म्हणजे ब्रेक पक्का

लिव्हर कडक लागते याचा अर्थ एवढाच, की रबर रिमला लवकर टेकलं. टेकल्यावर ते किती जोराने दाबलं जातं, हे त्यावरून कळत नाही. ब्रेकची ताकद तरफेतून येते: बोटं जास्त अंतर सरकतात, रबर थोडंसंच सरकतं आणि त्या बदल्यात जोर वाढतो. ही वाटणी लिव्हर आणि ब्रेक यांच्या जोडीवर ठरते. शिमानोने १९९६ च्या सुमारास आणलेला व्ही-ब्रेक आज साध्या गिअरच्या सायकलींवर सर्रास दिसतो. त्याच्या भुजा लांब असतात, म्हणून त्याला वायर जास्त ओढणारी लिव्हर लागते. जुन्या पद्धतीच्या कॅलिपर ब्रेकला कमी वायर ओढणारी. वापरलेल्या सायकलीला मधल्या कुणीतरी मिळेल ती लिव्हर बसवलेली असते. व्ही-ब्रेकची लिव्हर कॅलिपरला जोडली, तर ती हाताला छान टणक लागते, पण सायकल काही थांबत नाही. उलट जोडणीत लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकते. या दोन्हींवर आवळणीचा काही उपयोग नाही, लिव्हरच बदलावी लागते.

मग ढिली लिव्हर चालेल का, असं कुणी विचारेल. ती मुळीच चालणार नाही. पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकली की पुढे जोर लावायला जागाच उरत नाही. पण कडकपणा हा निकष धरण्याऐवजी साधी परीक्षा करून पाहावी. सायकलीच्या बाजूला उभं राहून पुढचा ब्रेक दाबावा आणि सायकल पुढे रेटावी. पुढचं चाक जराही फिरता कामा नये. बहुतेक सायकलींचं मागचं चाक उचललं जाऊ लागतं. मागचा ब्रेक दाबून रेटलं तर मागचं चाक न फिरता घासत गेलं पाहिजे. याच वेळी हँडलच्या मुळाशी खडखड जाणवली, तर दोष ब्रेकचा नसून चिमट्याच्या वरच्या-खालच्या कपातल्या छर्‍यांचा आहे.

गैरसमज: नवे रबर घातले की काम झालं

रबर बदलणं पुष्कळदा गरजेचं असतंच. वर्षानुवर्षं जिन्याखाली उभ्या असलेल्या सायकलीचं रबर झिजलेलं नसतं, पण वाळून कडक आणि गुळगुळीत झालेलं असतं. नख रोवून पाहिलं तर उमटत नाही. थोडीच चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरने वरचा थर काढून भागतं. रबरात रुतलेले वाळूचे आणि अॅल्युमिनियमचे कण टाचणीने उकरून काढावेत, कारण तेच कण रिम खरवडत असतात. पण ज्या रिमवर हे रबर घासतं, ती रिमही दर ब्रेकला झिजते, हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं. अॅल्युमिनियमच्या रिमच्या बाजूवर पट्टी आडवी धरली आणि मध्ये खोलगट फट दिसली, तर तिथली भिंत पातळ झाली आहे. काही रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा बारीक छिद्रं असतात. ती दिसेनाशी झाली की रिम संपली. अशा रिमवर आतून टायरमधल्या हवेचा दाब आणि बाहेरून ब्रेकचा दाब येतो, आणि ती चालत्या सायकलीत फाटू शकते. नवं रबर तिला वाचवू शकत नाही.

रिम शाबूत आहे, पण चाक आउट आहे, ही दुसरी सामान्य अवस्था. चाक डावी-उजवीकडे डुलत असेल तर रबर एका जागी घासतं. ते टाळायला कुणीतरी वायर सैल सोडतं आणि मग ब्रेक ढिला वाटतो. आधी चाक चिमट्यात सरळ बसलं आहे का आणि हबचे कोन ढिले आहेत का ते पाहावं, मग स्पोक कमी-जास्त कसून आउट काढावा. वायरला हात त्यानंतर. काळ्या उभ्या सायकलींच्या सळईच्या ब्रेकमध्ये मात्र रबर रिमच्या बाजूंना न लागता खालून, म्हणजे हबकडच्या अंगाला लागतं. तिथे चाकाचं बाजूला डुलणं एक वेळ खपतं, पण चाक वर-खाली उडत असेल तर दर फेऱ्यात एकदा ब्रेक धरतो आणि सोडतो. दोन्ही सायकलींना एकच इलाज लावून चालत नाही.

गैरसमज: ब्रेक कुरकुरतोय, थेंबभर तेल सोडा

दाराची बिजागरी कुरकुरली की तेल, तसं ब्रेकलाही तेल, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो. पण बिजागरीत घर्षण नको असतं आणि रबर-रिमच्या मध्ये तेच तर हवं असतं. तेल लागल्यावर आवाज थांबतो, कारण ब्रेक लागायचाच थांबतो. किंचाळण्याचं खरं कारण असं, की रबर रिमला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं आणि भुजा थरथरते. भुजेचा बोल्ट ढिला असला की ती आणखी थरथरते. बोल्ट कसून, रिम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करूनही आवाज राहिला, तर रबराचा कोन बदलावा: रबराचं सायकलीच्या तोंडाकडचं टोक रिमला आधी टेकेल आणि मागचं टोक साधारण मिलिमीटरभर लांब राहील, असं बसवावं. जाड कागदाची घडी मागच्या टोकाखाली धरून लिव्हर दाबायची, तशातच नट कसायचा आणि घडी काढून घ्यायची. रबर टायरला लागत नाही आणि रिमच्या कडेखाली उतरून स्पोककडे जात नाही, हेही तेव्हाच पाहावं. टायरला लागणारं रबर त्याची बाजू कापतं.

रिम रॉकेलने पुसली की लख्ख होते, असा अनुभव सांगितला जातो. लख्ख होते खरी, पण वर तेलकट थर राहतो. तेल कुठेच नको असंही नाही. भुजांच्या खिळ्यांवर, लिव्हरच्या सांध्यात आणि आउटरच्या आत त्याचा एखादा थेंब हवाच.

गैरसमज: जुनी वायर ताणून लांब होते

ब्रेकची वायर पोलादाची, साधारण दीड मिलिमीटर जाडीची असते. हाताच्या जोराने ती जाणवेल इतकी लांबत नाही. लिव्हर हळूहळू ढिली होते ती रबर झिजल्यामुळे आणि आउटर दबल्यामुळे. १८९६ साली अर्नेस्ट बाउडेन यांनी पेटंट घेतलेल्या या रचनेचं मर्म असं, की आतली वायर जितक्या जोराने ओढली जाते, तितक्याच जोराने बाहेरचं आउटर दाबलं जातं. आउटरचं टोक वेडंवाकडं कापलेलं असेल, त्यावरची टोपी नसेल किंवा ते कुठे मुडपलं असेल, तर बोटांचा जोर ते आवळण्यातच खर्च होतो. पावसाळ्यात पाणी शिरून आत गंज धरला की वायर घासते, लिव्हर सोडली तरी परतत नाही आणि भुजेची स्प्रिंग गेली असा समज होतो. वायर ब्रेकपासून सोडवून हाताने मागेपुढे ओढली की खरं काय ते कळतं. अडकत असेल तर वायर आणि आउटर दोन्ही बदलावीत. गिअरचं आउटर ब्रेकला कधीच घालू नये. त्यातल्या तारा लांबीला समांतर असतात, ब्रेकच्या दाबाने ते फुटू शकतं. आणि लिव्हरमधल्या गुंडीपाशी एक तार जरी तुटलेली दिसली, तरी वायर लगेच बदलावी.

गैरसमज: पुढचा ब्रेक धोक्याचा, मागचा असला की पुरे

या समजापायी कित्येक जुन्या सायकलींचा पुढचा ब्रेक सोडवून ठेवलेला असतो. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचं चाक हलकं होऊन घसरू लागतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा ब्रेक नीट वापरला तर गुरुत्वत्वरणाच्या साधारण निम्म्या दराने वेग कमी करता येतो. नुसत्या मागच्या ब्रेकने त्याच्याही जेमतेम निम्मा दर मिळतो. ताशी २० किलोमीटर वेगाला याचा अर्थ, पहिल्या पद्धतीत सायकल तीन मीटरच्या थोडी पुढे थांबते, दुसरीत सहा मीटरहून जास्त जाते. वेग ताशी ३० झाला की ही अंतरं सव्वादोन पट होतात, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात.

पुढच्या ब्रेकने माणूस हँडलवरून उलटतो, हा आक्षेप खोटा नाही. पण तसं होतं ते ब्रेक एकदम करकचून दाबला आणि हात ताठ नसल्यामुळे अंग पुढे गेलं तर. खडीवर किंवा ओल्या वळणावर पुढचं चाक घसरण्याची भीतीही खरी आहे, तिथे आधीच वेग कमी करावा. ओल्या रिमवर, विशेषतः क्रोमच्या पोलादी रिमवर, पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यातच जातात, म्हणून पावसात ब्रेक आधीपासून हलका धरावा. ही सगळी पुढचा ब्रेक जपून वापरण्याची कारणं आहेत, तो काढून टाकण्याची नाहीत.

डिस्क ब्रेकलाही हाच क्रम लागू आहे. वायरवर चालणाऱ्या साध्या डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड सरकतं. दुसरं आतल्या स्क्रूने डिस्कजवळ आणावं लागतं, नाहीतर वायर कितीही आवळा, डिस्क नुसती वाकत राहते. पॅडला तेल लागलं तर ते बहुतेक वेळा बदलावंच लागतं.

एवढं सगळं करायला वेळ कुणाला आहे, दुकानात द्यावी हेच बरं, असं म्हणता येईल. जरूर द्यावी. पण तिथे ‘ब्रेक आवळून द्या’ म्हटलं की ब्रेक आवळूनच मिळतो. त्याऐवजी ‘लिव्हर परतत नाही’, ‘चाक एका जागी घासतं’, ‘रिम खोलगट झाली आहे’ असं सांगावं. सायकल अजून विकत घ्यायची असेल, तर भावही यावरच ठरवावा. रबर, वायर, आउटर थोडक्यात मिळतात आणि तासाभरात बसतात, त्यांच्यासाठी चांगली सायकल सोडू नये. दोन्ही रिम संपल्या असतील, तर मात्र चाकं नव्याने बांधण्याचा खर्च किमतीत मिळवून पाहावा. अशी सायकल स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.