शाळेला कुलूप, पण राउटर जागाच

मागच्या महिन्यात एका लग्नावरून परतताना रात्री अकराच्या सुमारास आमच्या शाळेवरून गाडी गेली. गेटला कुलूप, वर्गांत अंधार, आणि ऑफिसच्या खिडकीत हिरवे-निळे दिवे लुकलुकत होते. पंखा, ट्यूब बंद करा म्हणून आपण मुलांना रोज ओरडतो. पण राउटर, स्विच, वायफायचे डबे, नेटवर्कला जोडलेला प्रिंटर यांचं बटण कुणी बंद केलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

हिशोब केला. वर्षाचे तास ८,७६०. शाळेचे दिवस साधारण २२० आणि ऑफिस रोज आठ तास धरलं, तर कामाचे तास होतात १,७६०. उरले बरोबर ७,००० तास. तेवढा वेळ ही यंत्रं कुणासाठी जागतात?

किती वीज खातात ते बघायला वेगळं यंत्र लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ 'प्रति युनिट ३२०० पल्स' अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल, तर तो घ्या. सगळे पंखे-दिवे आणि पाण्याचा कूलर बंद करून सहा मिनिटं लुकलुक मोजायची. आमच्याकडे १६ भरली. म्हणजे तासाला १६०, आणि १६० भागिले ३२०० म्हणजे ०.०५ युनिट. सरळ भाषेत ५० वॉट, रात्रंदिवस. नंतर कॅमेरे आणि त्यांचा डीव्हीआर थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा मोजलं, तर आठच भरली. म्हणजे निम्मी वीज कॅमेऱ्यांची आणि निम्मी नेटवर्कची.

आता घाईनं मेन बोर्डच पाडू नका! ओळखीच्या एका शाळेत शनिवारी जाताना कुणीतरी बचत म्हणून तेच केलं. सोमवारी बोअरच्या मोटारीची केबल गायब, आणि डीव्हीआरमध्ये दोन रात्रींचं काहीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर सरकारनं शाळांना सीसीटीव्ही लावायला सांगितलं, ते काय फक्त शाळेच्या वेळेपुरतं नाही.

म्हणून आधी वायर कुठून कुठे जाते ते बघा. जुन्या पद्धतीचे कॅमेरे स्वतःच्या केबलनं थेट डीव्हीआरला जोडलेले असतात. रेकॉर्डिंग आतल्या हार्डडिस्कवर होतं, त्याला इंटरनेट लागत नाही. तिथे रात्री राउटर बंद ठेवला तरी चालतं. फक्त मोबाईलवर घरबसल्या चित्र दिसणार नाही, ते हवं असेल तर राउटर चालू ठेवावाच लागेल. नव्या आयपी कॅमेऱ्यांचा मामला वेगळा आहे. ते नेटवर्क स्विचमधूनच जातात, आणि पीओई स्विच असेल तर त्यांना वीजही तिथूनच मिळते. तो स्विच बंद म्हणजे कॅमेरे आंधळे. अशा ठिकाणी वायफायचे डबे, प्रिंटर तेवढे वेगळे काढायचे. काही स्विचमध्ये एकेका पोर्टची वेळ ठरवता येते, पण ते काम बसवणाऱ्याकडूनच करून घ्या. पतसंस्थेत किंवा बँकेत तर त्यांच्या माणसाला विचारल्याशिवाय कशालाच हात लावू नये, अलार्मही त्याच लाइनवर असू शकतो.

आम्ही दोन बोर्ड केले. एकावर डीव्हीआर आणि कॅमेरे, त्यावर लाल मार्करनं 'बंद करू नये'. दुसऱ्यावर राउटर, स्विच, प्रिंटर, आणि त्याला टायमर.

टायमर घेताना आपल्या तिसगावची वीज लक्षात ठेवा. गोल चकतीचा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो, आणि जितका वेळ वीज नसेल तितका मागे पडतो. दोन दिवसांत सकाळी दहाला चालू होणारं नेट दुपारी चालू व्हायला लागेल. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. मोबाईलवरचा स्मार्ट प्लग दुकानदार आवर्जून दाखवतो, पण राउटरच बंद असेल तर त्या प्लगला सकाळी 'चालू हो' म्हणून सांगणार कोण? काहींमध्ये वेळ साठवलेली राहते, तरी वीज गेल्यावर घड्याळ बिघडू शकतं. चालू व्हायची वेळ शाळा भरण्याच्या पंधरा मिनिटं आधीची ठेवा, राउटरला जागं व्हायला दोन-चार मिनिटं लागतात.

राउटरच्या सेटिंगमध्ये रात्री फक्त वायफाय बंद करायची सोयही बऱ्याचदा असते. त्यानं थोडीच वीज वाचते, राउटर चालूच असतो. नवीन स्विच घेणार असाल तर २०१० सालच्या '८०२.३एझेड' मानकाचा आहे का ते विचारा. त्या केबलवर काम नसताना स्विच आपोआप कमी वीज घेतो.

आमचे २५ वॉट गुणिले ७,००० तास, म्हणजे वर्षाला १७५ युनिट. फार मोठी रक्कम नाही, आणि बिलातला स्थिर आकार तर तसाच राहतो. खरा फायदा मला इन्व्हर्टरवर दिसला. रात्री वीज गेली की ही सगळी यंत्रं बॅटरीवर जगायची. सकाळी यू-डायसची माहिती भरायला बसावं, पुन्हा वीज जावी, आणि बॅटरी अर्ध्या तासात माना टाकणार. आता रात्री तिच्यावर कॅमेऱ्यांचाच भार असतो.

टायमर लावून विसरता मात्र येत नाही. रमजानमध्ये उर्दू शाळेची वेळ बदलते, तेव्हा तोही बदलावा लागतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर दुसऱ्या बोर्डाचा प्लगच काढून ठेवायचा. आमच्याकडे हे काम शिपाई चाचांकडे आहे, किल्ली त्यांच्याकडेच असते.