छरा, नळी आणि पाव मिलिमीटर

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ फक्त 0.5 मिलिमीटर व्यासाचे असते. 4.5 मिलिमीटरच्या छऱ्याची कड त्याला लागली की दहा गुण; म्हणजे छऱ्याचा मध्य अडीच मिलिमीटर सरकला तरी पूर्वी पूर्ण गुण मिळत. नेमबाज सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत 400 पैकी 400 गुण मिळवले ते याच पद्धतीत. 2013 पासून पात्रता फेरीतही दशांश गुण आले. आता एका नेमाला जास्तीत जास्त 10.9 गुण आहेत आणि पुढच्या दर पाव मिलिमीटरला 0.1 गुण कमी होतो. साठ छऱ्यांत मध्यापासूनचे अंतर सरासरी पाव मिलिमीटर वाढले तर सहा गुण जातात. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने 2022 साली कैरोत जागतिक सुवर्णपदक जिंकले, ते या काटेकोर मोजणीच्या काळात. म्हणूनच छऱ्याची निवड हा आता नेमबाजीचाच भाग आहे.

स्पर्धेचा छरा शिशाचा, सपाट डोक्याचा, कमरेशी बारीक आणि सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो. सपाट डोक्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडते. मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने फुगून नळीला घट्ट बसतो, आणि नळीतल्या पिळदार खाचा त्याला फिरकी देतात. डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा शंभरांश मिलिमीटरच्या फरकाने मिळतो.

सर्व रायफलींना उत्तम असा एकच छरा नसतो. एकाच कारखान्यातल्या दोन नळ्याही वेगळा छरा मागतात. त्यामुळे रायफल शिकंज्यात आवळून प्रत्येक व्यासाचे आणि बॅचचे दहा-दहा छरे झाडतात व भोकांचा पसारा मोजतात. माणसाचा हात मध्ये न आल्याने दोष छऱ्याचा की नेमबाजाचा हे कळते. जुळलेली बॅच एकदम जास्त घेऊन ठेवावी. पुढची बॅच तशीच निघेल याची खात्री नसते. शिसे मऊ असते, डबा पडला तरी घेर वाकतो. ते विषारीही आहे. छरे हाताळल्यावर हात धुतलेच पाहिजेत, मुलांनी तर नक्कीच.

छऱ्यानंतर वेग. स्पर्धेच्या रायफलीत सिलिंडरमधली दाबाची हवा रेग्युलेटरमधून येते, म्हणून सिलिंडर उतरत गेला तरी प्रत्येक छऱ्यामागचा दाब सारखा राहतो. छरा सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगाने जातो आणि दहा मीटरांत 17 मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. वेगात दोन मीटरचा फरक पडला तर छऱ्याचे भोक जवळजवळ 0.4 मिलिमीटर वरखाली होते. वेगमापकावर आकडे डळमळले, तर रेग्युलेटर किंवा झिजलेले रबरी सील आधी तपासावे.

स्पर्धेच्या रायफलीहून वेगळी असते ती गावच्या जत्रेत फुगे फोडायची स्प्रिंगची बंदूक. तिच्यात छरा नळीबाहेर पडण्याआधीच बंदूक हलते. ती आवळून न धरता दर वेळी त्याच जागी, सैल हातावर टेकवावी. दस्त्याचे स्क्रू ढिले असतील तर कोणतेही छरे एकत्र पडणार नाहीत. दाबकक्षात साधे तेल घालू नये. दाबाने ते पेटते आणि वेग बिघडतो.

नळी नमद्याच्या बोळ्याने, छरा जातो त्याच दिशेने साफ करावी. त्यानंतरचे पहिले काही छरे मोजणीत धरू नयेत. बॅच बदलली की मागचे साइट नव्याने लावून घ्यावे.