पोथी म्हणजे नेमके काय?

पोथी म्हणजे धर्मग्रंथ, असा समज आहे. खरे तर पोथी हा विषय नव्हे, घाट आहे: न शिवलेली आडवी सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती कापडी रुमाल. हा आडवा आकार ताडपत्रातून (ताडाच्या वाळवलेल्या पानातून) आला.

पत्त्यांच्या जोडासारखी ही पाने विस्कटतात. म्हणून पानावर पत्रांक (पानाचा क्रमांक) आणि ओवीअखेर तिचा आकडा. शब्द सलग, मध्ये जागा न सोडता लिहिलेले. ते सुटे होतात मोठ्याने वाचताना, आणि पोथीचे खरे सौंदर्य मला इथेच दिसते.

पोथीरूपात वाचला जाणारा कवी श्रीधरांचा ‘हरिविजय’ (1702) 36 अध्यायांत आहे. शिळाछापावर (दगडावरून केलेल्या छपाईवर) निघालेल्या पोथ्याही सुट्या पानांच्याच होत्या. घरच्या जुन्या पोथीची पाने कृपया शिवू नका.