उत्तर ठाऊक असलेले कोडे

रहस्यकथेचे आयुष्य एका रात्रीचे, असे आपण धरून चालतो. खुनी कोण ते कळले, की पुस्तक फडताळात गेले! मग अ‍ॅगाथा ख्रिस्तीबाईंच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ या १९३४ सालच्या कादंबरीवर १९७४ मध्ये सिडनी ल्युमेटने चित्रपट काढला असताना, २०१७ मध्ये केनेथ ब्रानाने तीच गाडी पुन्हा रुळावर का आणावी?

गोष्ट थोडक्यात अशी. इस्तंबूलहून निघालेली गाडी युगोस्लाव्हियात बर्फात अडकते. सकाळी एक धनिक अमेरिकन उतारू मरून पडलेला आढळतो. अंगावर बारा वार! बाहेर बर्फावर पाऊल उमटलेले नाही. म्हणजे खुनी गाडीतच आहे. पोलीस नाहीत, आहे तो हर्क्युल प्वारो हा बेल्जियन गुप्तहेर. तपासात कळते, की मेलेला माणूस एका बालिकेच्या अपहरणातला आणि खुनातला गुन्हेगार; कायद्याच्या हातून निसटलेला. १९३२ साली वैमानिक लिंडबर्गच्या तान्ह्या मुलाला पळवून मारले गेले होते. त्याची सावली इथे पडली आहे.

खुनी कोण, ते मी सांगत नाही. पण खरा प्रश्न त्याच्या पुढचाच आहे. कायदा हरला तर शिक्षा कोणी द्यावी? कादंबरीतला प्वारो दोन उत्तरे मांडतो, निवड दुसऱ्यांवर सोपवतो आणि बाजूला होतो. ल्युमेट आरंभीच अपहरण दाखवून आपली सहानुभूती ठरवून टाकतो. त्याचा चित्रपट पेले भिडवून संपतो. ब्रानाने मात्र सगळा भार प्वारोवर टाकला आहे. बरे आणि वाईट यांच्यामध्ये काही नसते, असे मानणारा हा माणूस अखेरीस खोटे बोलतो, आणि ते त्याला जड जाते.

आता, या नव्या चित्रपटातला पाठलाग नि झटापट नसती तरी चालले असते. कोंडलेपणा हेच या कथेचे बळ. उतारू डब्याबाहेर पडले, की ते ओसरते. पण मूळ प्रश्न त्याने पुन्हा जिवंत केला, हे मान्य केले पाहिजे. हरिश्चंद्राचे आख्यान आपण शेवट ठाऊक नाही म्हणून थोडेच ऐकतो? बुवा कुठे थांबतात, कशावर भर देतात, त्यासाठी ऐकतो. हा चित्रपटही तसाच पाहावा.