नवा खिळा इतक्या लवकर का गंजतो?

कामणच्या आपल्या गटात कर्जाचा विषय निघाला की घरदुरुस्ती, शाळेची फी हेच आधी येतं. पण खाडीकाठी, नायगाव-पाणजूकडे, होडीची दुरुस्ती हाही मोठा खर्च असतो. खिळे नवे असतात, तरी वर्षभरात गंजून फळी ढिली होते. खोल पाण्यात फळी सुटली तर प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो.

असं का होतं? दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांना खारं पाणी लागलं, की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते. त्यात एक धातू झिजतो आणि दुसरा शाबूत राहतो. जस्त सगळ्यांत आधी झिजतं, मग अॅल्युमिनिअम, मग लोखंड. पितळ, तांबं आणि स्टेनलेस स्टील त्यामानाने टिकतात. म्हणून पितळी पट्टीला लोखंडी खिळा मारला, की खिळा खाल्ला जातो. पट्टी मोठी आणि खिळा लहान असेल तर आणखी लवकर.

हा अनुभव जुना आहे. इंग्रजांच्या ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या तळाला १७६१ साली तांब्याचे पत्रे लावले. १७६३ साली पाहिलं, तर लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. पण पत्र्याभोवतीचा कागद जिथे मधे राहून गेला होता, तिथले खिळे चांगले होते. कागदाने दोन धातूंना टेकू दिलं नव्हतं!

मग आपण काय करायचं?

एक, पट्टी ज्या धातूची, खिळा-बोल्टही त्याच धातूचा घ्या.

दोन, वेगळा धातू घ्यावाच लागला, तर मधे रबराचा किंवा प्लास्टिकचा वायसर घाला. बोल्टच्या दांड्यालाही प्लास्टिकची नळी हवी, नाहीतर भोकात धातू टेकतोच.

तीन, रंग फक्त लोखंडाला लावू नका, पितळेलाही लावा. लोखंडाच्या रंगाला चरा पडला, तर सगळी झीज त्या एकाच जागी होते.

चार, पंख्याजवळ, पाण्याखाली जस्ताचा तुकडा बसवा. तो स्वतः झिजतो आणि बाकीचं वाचवतो. त्याला रंग लावू नका. निम्मा झिजला की बदला.

१ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. तेव्हाच खिळे तपासा. दुकानात गेल्यावर ‘खिळा द्या’ एवढंच म्हणू नका, ‘कोणत्या धातूचा?’ हेही विचारा. चार पैसे तिथेच वाचतील.