गप्पांचं मीटर : स्मार्टफोनच्या आधीचं मोबाईल इंटरनेट

फोनच्या मधल्या बटणाला चुकून अंगठा लागायचा, पडद्यावर ‘कनेक्टिंग’ उमटायचं आणि आपण जीव खाऊन लाल बटण दाबायचो. तरी दोन-तीन रुपये गेलेलेच असायचे. बटणांच्या फोनवरचं इंटरनेट अनेकांच्या आठवणीत एवढंच उरलंय, आणि त्यामुळेच त्या काळाबद्दल बरेच गैरसमज आहेत. ते एकेक करून तपासले, तर फोन किती साधा होता यापेक्षा पैसे कसे कापले जायचे याचाच प्रश्न मोठा होता, असं दिसतं.

गैरसमज १ : मोबाईलवर इंटरनेट आलं ते आयफोनमुळे.

वस्तुस्थिती : आयफोन अमेरिकेत विक्रीला आला जून २००७ मध्ये. जपानमध्ये एनटीटी डोकोमो कंपनीने ‘आय-मोड’ सेवा सुरू केली होती २२ फेब्रुवारी १९९९ रोजी. फोन आकड्यांच्या बटणांचाच, पण त्यावर ई-मेल, बातम्या, बँकेचे व्यवहार, तिकिटं असं सगळं चालायचं. ऑगस्ट २००० पर्यंत या सेवेला एक कोटी ग्राहक मिळाले. शिगेताका कुरिता यांनी १२ बाय १२ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेली १७६ चित्रं याच आय-मोडसाठी होती. आज आपण ज्यांना इमोजी म्हणतो, त्यांच्या घराण्यातली ही थोरली पिढी.

गैरसमज २ : युरोपातलं ‘वॅप’ फसलं, कारण ते फार हळू होतं.

वस्तुस्थिती : वॅप ही फोनवर साइट उघडण्याची तिकडची पद्धत. वेग वॅप आणि आय-मोड दोन्हीकडे सारखाच होता, सेकंदाला ९,६०० बिट. फरक होता मीटरमध्ये. १९९९ मध्ये नोकिया ७११० हा वॅपचा फोन आला, तेव्हा वॅपची साइट उघडणं म्हणजे फोन लावण्यासारखंच होतं. जोडणी झाली की मिनिटं मोजायला सुरुवात. पान उतरत असताना पैसे, तुम्ही ते वाचत असताना पैसे, पुढे काय दाबायचं याचा विचार करत असतानाही पैसे.

आय-मोडचा हिशेब निराळा होता. महिन्याला ३०० येन, आणि त्यावर १२८ बाइटच्या प्रत्येक पाकिटाला ०.३ येन. म्हणजे पाचशे बाइटचा मेल चार पाकिटांत, १.२ येनमध्ये. तो उतरवून घेतल्यावर लोकलमध्ये उभ्याउभ्या तासभर वाचत बसलात, तरी एक छदाम जास्त लागत नसे. वॅप पडलं ते एवढ्याच कारणाने, असं नाही. आय-मोडची पानं साध्या एचटीएमएलच्या जवळची असल्याने ती कुणालाही बनवता येत. शिवाय साइटचं शुल्क डोकोमो फोनच्या बिलातूनच गोळा करी आणि त्यातले फक्त ९ टक्के स्वतःकडे ठेवी. त्यामुळे साइट चालवणाऱ्यांनाही त्यात हशील दिसला.

गैरसमज ३ : तेव्हा लोक फक्त रिंगटोन आणि वॉलपेपर उतरवायचे, स्वतःचं काही टाकायचे नाहीत.

वस्तुस्थिती : रिंगटोनचा धंदा मोठा होता, हे खरं. पण जपानमध्ये ‘माहो नो आय-रांदो’ या साइटवर हजारो तरुण-तरुणी अंगठ्याने कादंबऱ्या लिहीत होते. छोटी वाक्यं, भरपूर संवाद, दोन ओळींत मोकळी जागा. रोज थोडा मजकूर टाकायचा, वाचकांचे अभिप्राय पाहायचे आणि पुढचा भाग लिहायचा. ‘मिका’ या टोपणनावाने लिहिलेली ‘कोइझोरा’ अशीच आली. तिचं पुढे छापील पुस्तक झालं, २००७ मध्ये चित्रपटही निघाला. त्या वर्षी जपानमधल्या सर्वाधिक खपाच्या दहा कथा-कादंबऱ्यांपैकी पाच मोबाईलवर जन्मलेल्या होत्या.

दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉशमध्ये तयार झालेलं ‘मिक्सिट’ हेही असंच. साध्या जावा फोनवर चालणारं गप्पांचं हे साधन शाळकरी मुलांनी उचलून धरलं, कारण त्यातला निरोप एसएमएसच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत जायचा. २००९ मध्ये इंग्रजी आणि खोसा भाषेतली ‘कोन्टॅक्स’ ही कथा तिथे याच माध्यमातून मुलांपर्यंत पोहोचवली गेली.

गैरसमज ४ : ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा म्हणजे कुणाची तरी लहर.

वस्तुस्थिती : २००६ मध्ये ट्विटर सुरू झालं ते एसएमएसवर चालावं म्हणून. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यातली २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून ठेवली, उरली १४०.

गैरसमज ५ : मराठी माणसाने मोबाईलवर मराठी रोमन लिपीत लिहिलं, कारण त्याला देवनागरीची आच नव्हती.

वस्तुस्थिती : आच असून भागत नव्हतं. एसएमएसमध्ये मजकुरासाठी जागा असते १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट. रोमन अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘शुभेच्छा’ आपल्याला तीन अक्षरांचा शब्द वाटतो, फोनच्या लेखी तो आठ चिन्हांचा. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढं लिहिलं की मोकळ्या जागा धरून २७ चिन्हं खर्ची. सत्तरी ओलांडली की दुसऱ्या एसएमएसचे पैसे.

वाचायचीही तीच गत. बऱ्याच फोनांत देवनागरी फॉण्टच नसायचा, मराठी साइट उघडली की ओळीने चौकोनी डबे. त्यावरचा तोडगा लोक एकमेकांना तोंडी सांगायचे. ‘ऑपेरा मिनी’ ब्राउझर घ्यायचा, पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असं टाइप करायचं आणि खाली जटिल लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरण्याचा पर्याय ‘येस’ करून सेव्ह करायचं. जानेवारी २००६ मध्ये जगभर खुला झालेला हा ब्राउझर पान आधी आपल्या सर्व्हरवर मागवी, दाबून लहान करी आणि मग फोनकडे धाडी. हा पर्याय निवडला की सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. डब्यांच्या जागी स्वच्छ मराठी दिसायचं, पण चित्रांमुळे डेटा जास्त जायचा. थोडक्यात, आपल्या लिपीला अधिभार होता.

गैरसमज ६ : मोफत फेसबुक म्हणजे मोफत इंटरनेट.

वस्तुस्थिती : मे २०१० मध्ये ‘फेसबुक झीरो’ आलं. ठरावीक मोबाईल कंपन्यांच्या ग्राहकांना त्यावर नुसता मजकूर फुकट होता. फोटो पाहायला किंवा बाहेरच्या दुव्यावर जायला गेलात की मीटर सुरू. एक दार उघडं आणि बाकीच्यांना तिकीट, या प्रकारावर भारतात पुढे मोठा वाद झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने मजकूर पाहून डेटाचा वेगवेगळा दर लावायला बंदी घातली.

आता लाल बटणाची भीती राहिली नाही. रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो, म्हणून घरोघरी रात्री अकरानंतर उरलेला डेटा संपवायला व्हिडिओ पाहिले जातात. पूर्वी मीटर पडू नये म्हणून फोन बंद करायचो, आता पॅक वाया जाऊ नये म्हणून जागतो.